बेल्जियमचे खापरपणजोबा

मंडळाचा गणपती असो की पुण्याहून आलेला फोन, विस्कॉन्सिनमधल्या माझ्या सासरबद्दल एक प्रश्न ठरलेला असतो: "दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी बेल्जियमहून आलेला माणूस तुला सापडला कसा?" पाठोपाठ दुसरा, जरा आवाज उतरवून: "आणि तुला गं कशाला हे उद्योग?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते छोटं आहे. सासूबाईंकडे जुन्या कागदांचा एक पत्र्याचा डबा होता, घरात फ्रेंच वाचणारं कुणी उरलं नव्हतं आणि मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचच्या परीक्षा दिलेल्या होत्या. सुनेच्या गळ्यात काम पडायला एवढं पुरतं.

पहिल्याचं उत्तर: गाव शोधलं, म्हणून माणूस सापडला. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय आडनावाबरोबर मूळ गाव विचारतात, कारण गाव कळलं की बरोबर वही निघते. बेल्जियमचं तसंच आहे. तेव्हा बेल्जियमवर फ्रेंचांचा अंमल होता; त्या राजवटीने १७९६च्या सुमारास जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी गावोगावच्या पालिकांकडे दिल्या आणि त्या आजतागायत नीट चालू आहेत. जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पानं तिथल्या सरकारी पुराभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. प्रत्येक दहा वर्षांची नावांची सूचीही असते. पण ती त्या त्या गावापुरती.

आणि अमेरिकेतले कागद नेमकं गावच सांगत नाहीत. १८६०च्या जनगणनेत जन्मस्थानाच्या रकान्यात 'बेल्जियम', संपलं. नागरिकत्वाच्या कागदावर बेल्जियमच्या राजाशी असलेली निष्ठा सोडल्याचं लिहिलंय, गावाचा पत्ता नाही. अँटवर्प बंदरातून निघालेल्या उतारूंच्या त्या काळातल्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या, १८५५ची तेवढी राहिली. आमची मंडळी निघाली १८५६ला!

राहिली घरातली सांगोवांगी. "आम्ही मूळचे नामूरचे," असं सासरे सांगत. आता नामूर हे बेल्जियममधलं मोठं शहर आहे आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर, डोअर काउंटीत, नामूर नावाचं खेडंही आहे. शेजारी ब्रुसेल्स आहे, रोझिएर आहे. आलेल्या लोकांनी तिकडची नावं इकडे लावली. सासऱ्यांच्या आजोबांचं नामूर यातलं कुठलं, ते सांगायला कोण उरलंय? शिवाय "एलिस आयलंडवर आमचं आडनाव बदललं" हेही प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून आलेल्यांची नोंद करणारं ठाणं, उघडलं १८९२ला, आमची मंडळी आली त्याच्या कितीतरी नंतर. आडनावं बिघडली ती इथेच विस्कॉन्सिनमध्ये, वालून (दक्षिण बेल्जियमची फ्रेंचच्या जवळची बोली) बोलणाऱ्या माणसाचं नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागेल तसं उतरवलं तेव्हा.

म्हणून मी आमच्या माणसाचा नाद सोडला आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या मागे लागले. ही माणसं एकेकटी आलेली नाहीत. १८५३ला ब्राबाँ प्रांतातल्या ग्रे-दुआसोच्या परिसरातून पहिली काही कुटुंबं आली. तिकडे जमिनीचे तुकडे पडलेले, बटाट्यावर रोग, आणि इकडे सरकारी जमीन सव्वा डॉलरला एकर. मागोमाग मेहुणे, चुलते, गाववाले आले. जंगल तोडायचं, छपराच्या लाकडी पट्ट्या हाताने तासून ग्रीन बे शहरात विकायच्या, असे दिवस काढले. ८ ऑक्टोबर १८७१ला उपसागरापलीकडच्या पेश्टिगो गावाची ती मोठी आग लागली, तेव्हाच आमच्या बाजूच्या किनाऱ्यावरही वणवा पेटला आणि लाकडी घरं, त्यांतल्या चीजवस्तूंसकट, गेली. या भागात आज लाल विटांची इतकी घरं दिसतात ती त्यानंतरची.

आमच्या शेतापासून दोन शेतं पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या थडग्यावर मात्र त्याचं जन्मगाव फ्रेंचमध्ये कोरलेलं मिळालं, ग्रे-दुआसोजवळचं. त्याचीच बायको चर्चच्या वहीत आमच्या खापरपणजोबांच्या थोरल्या मुलाची गॉडमदर. त्या गावाची सूची उघडली आणि आडनाव समोर आलं, स्पेलिंग वेगळं. एक लक्षात ठेवा: १९७७ला बेल्जियमने २,३५९ पालिका एकत्र करून ५९६ केल्या. नकाशावरचं आजचं नाव चालत नाही, जुन्या गावाच्या नावाने शोधावं लागतं.

खरा खजिना निघाला खापरपणजोबांच्या आईवडिलांच्या लग्नाच्या नोंदीला जोडलेल्या कागदांत. लग्न १८२६चं. वराच्या जन्माच्या उताऱ्यावर तारीख होती '१४ ब्रूमेर, वर्ष ८'. फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडर! म्हणजे ५ नोव्हेंबर १७९९. त्याखाली सैन्यभरतीचा दाखला. तेव्हा फोटो नव्हते, म्हणून दाखल्यावर चेहऱ्याचं वर्णन भरायचे: कपाळ उंच, डोळे निळे, नाक मोठं, हनुवटी गोल. मी मोठ्याने वाचत होते, 'नाक मोठं' आल्यावर सासूबाईंनी आपल्या मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडून नाही आलं, आता लेखी पुरावा आहे." वधूची आई मजूर, लिहिता येत नाही म्हणून सही नाही, असं कारकुनाने नमूद केलंय. आणि १८४६पासून लोकसंख्येची जी वही ठेवत, तिच्यात घरातल्या सगळ्यांच्या नावांपुढे शेरा: अमेरिकेला गेले.

मला जास्त भावलं ते वेगळंच. बेल्जियमच्या नोंदीत बाई जन्मते त्या नावानेच लग्न करते आणि त्याच नावाने मरते. त्यामुळे त्या सही न येणाऱ्या मजूर बाईची आई, तिची आई, सगळ्यांचं माहेर मला सापडलं. आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात पुरुषांच्या अकरा पिढ्या आहेत. माझ्या सख्ख्या पणजीचं लग्नानंतरचं नाव आहे, माहेरचं आडनाव नाही. ते बाबांनाही माहीत नाही, आणि विचारायला गेलं की कुटुंबातली मंडळी विषय बदलून मूळपुरुषावर येतात.

तुमच्यापैकी कुणाला अलीकडचं काही शोधायचं असेल तर थांबावं लागेल: जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. उलट दिशेला, १७९६च्या मागे गेलात तर चर्चच्या वह्या लागतात, बऱ्याचशा लॅटिनमध्ये. सध्या मी तिथे आहे. सासूबाई म्हणतात, आता पुरे. नवरा म्हणतो, नाकाचं मूळ सापडेपर्यंत चालू दे.