जुन्या फायबर होडीचा तळ रंगवावा का? नोंद तिसरी

मागील नोंद लिहिली तेव्हा तळ कोराच ठेवायचे ठरले होते. १६ फुटी होडी सुटीच्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीत उतरवायची आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन ट्रेलरवरून शेडमध्ये न्यायची, असा तेव्हा बेत होता. अशा होडीला रंगाची गरज नसते, कारण शेवाळाला आणि बार्नेकलला (तळाला घट्ट चिकटणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाला) सलग मुक्काम मिळत नाही; शिवाय एकदा चढवलेले अँटिफाउलिंग, म्हणजे असे जीव बसू न देणारा तळाचा रंग, घासून काढणे फार कष्टाचे असते.

पुढे गाडी दुरुस्तीला गेली आणि होडी १२ दिवस नांगरावरच राहिली. ओहोटीला ती चिखलात कलली तेव्हा वाकून पाहिले, तर तळावर बुळबुळीत हिरवा थर होता आणि कण्याच्या दोन्ही अंगांना मोहरीएवढे बार्नेकल बसले होते. लाकडी पट्टीने ते निघाले, पण प्रत्येकाच्या जागी एक पांढरी चकती जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) घट्ट चिकटून राहिली. यंदा होडी मेपर्यंत खाडीतच ठेवायची असल्याने माझ्या मते आता रंग द्यायलाच हवा.

मात्र त्या चकत्या घासताना नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाजवळ) चार फोड सापडले. एक टोचताच व्हिनेगरसारख्या वासाचे चिकट पाणी बाहेर आले. पॉलिएस्टरच्या जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपते, आतल्या रसायनांशी मिसळते आणि फोड धरतो. अँटिफाउलिंगमधला कॉपर ऑक्साइड जीवांना बसू देत नाही, पण हे झिरपणे तो थांबवत नाही. त्यासाठी खाली इपॉक्सीचे (पाणी अडवणाऱ्या राळेच्या लेपाचे) थर द्यावे लागतात, आणि ओल्या तळावर इपॉक्सी दिली तर ओल आतच कोंडली जाते. म्हणून फोड उघडून, वारंवार गोड्या पाण्याने धुऊन तळ वाळत ठेवला आहे.

तळ वाळल्यावर आधी सॉल्व्हंटने जेलकोटवरचे मेण पुसायचे आणि मगच पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर मेण ओरखड्यांत भरते. इपॉक्सीच्या शेवटच्या हातावर अंगठ्याचा ठसा उमटेल पण रंग बोटाला लागणार नाही, अशा वेळी अँटिफाउलिंगचा पहिला हात द्यायचा आहे. जस्ताचा अॅनोड (होडीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेला तुकडा) मात्र कोराच राहील.

ओल तपासण्यासाठी प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने तळावर चिकटवला आहे. आज दुपारच्या उन्हातही त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले, त्यामुळे रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.