गुळाच्या पट्ट्या आणि माऊसकडे जाणारा हात

मार्केट यार्डात गुळाचा हंगाम सुरू झाला की दुकानातल्या संगणकावर पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची, रांग लागते. नाव, गाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, रक्कम. एका ओळीला सहा रकाने. टायपिंग सगळ्यांचंच बऱ्यापैकी असतं, पण दर रकान्याला हात माऊसकडे जातो आणि परत येतो, खरा वेळ तिथं जातो. म्हणून माझं सांगणं असं की कॉपी-पेस्टच्या आधी एक्सेलमध्ये फिरायला शिका.

नाव टाइप करा, टॅब दाबा, गाव टाइप करा, पुन्हा टॅब. सहाव्या रकान्यात एंटर दाबलं की कर्सर थेट पुढच्या ओळीत नावाच्या रकान्यात येतो. मधेच बाणाची कळ दाबली किंवा माऊसनं क्लिक केलं, की टॅब कुठून सुरू झाला होता हे एक्सेल सोडून देतं आणि एंटरनंतर कर्सर भलत्याच रकान्यात जातो. त्यामुळं ओळ पूर्ण होऊ द्या, चूक नंतर सुधारा. त्यासाठी त्या सेलवर (तक्त्यातल्या घरावर) जाऊन एफ टू दाबायचं. सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही.

शेतकरी वरच्या ओळीतल्याच गावचा असेल तर कंट्रोल + डी दाबा, वरच्या सेलमधलं गाव खाली उतरतं. आजची तारीख कंट्रोल + सेमीकोलननं टाका. तिथं टुडे फॉर्म्युला अजिबात नको. तो रोज बदलतो, आणि आजची पट्टी उद्या उघडली की तिच्यावर उद्याची तारीख दिसते. हिशेबात ही चूक महागात पडते.

बेरजेला ऑल्ट + बरोबरचं चिन्ह (=). एंटर दाबण्याआधी तुटक रेषांची चौकट किती सेलभोवती आहे ते बघाच. मधे एखादा सेल रिकामा राहिला असेल तर चौकट त्याच्या खालीच थांबते आणि वरची रक्कम बेरजेतून सुटते.

हमालीचा दर एकाच सेलमध्ये ठेवला असेल, तर फॉर्म्युला लिहिताना त्या सेलच्या पत्त्यावर कर्सर असतानाच एफ फोर दाबा. पत्त्यात डॉलरची चिन्हं येतात आणि फॉर्म्युला खाली ओढला तरी तो सेल हलत नाही. एंटरनंतर दाबलंत तर एफ फोर शेवटची कृती पुन्हा करतं, ते वेगळंच काम.

नावं मराठीत आणि आकडे इंग्रजीत असतील तर विंडोज + स्पेसबारनं कीबोर्ड बदला. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला तर बरोबरच्या चिन्हाच्या (=) कळीवर ऋकाराची खूण उमटते आणि फॉर्म्युला सुरूच होत नाही. एक्सेल बिघडलं असं वाटण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा.

लॅपटॉपवर एफ टू दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर एफएन (Fn) ही कळ धरून एफ टू दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपनं ही सवय कायमची बदलता येते; एस्केपच्या कळीवर छोटं कुलूप छापलेलं असलं तर तुमच्याकडं ती सोय आहे.