तीन इंच सरकलेला कॉलम

औशाजवळ एका दुमजली घराचा पहिला स्लॅब पडला होता. वरच्या मजल्याचे गज तपासताना हॉलच्या कडेचा कॉलम खटकला. भिंत सपाट यावी म्हणून त्याचे गज स्लॅबच्या जाडीतच वाकवून 75 मिमी भिंतीकडे सरकवले होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तीन इंचानं काय होतंय? वजन तेवढंच हाय की."

वजन तेवढंच होतं, सुरक्षा गुणक धरून 450 किलोन्यूटन. कॉलम 230 बाय 300 मिमी, एम 20 प्रतीचं काँक्रीट, 415 प्रतीच्या पोलादाचे 12 मिमीचे सहा गज. वजन बरोबर मध्यावर आलं तर असा कॉलम 730 पर्यंत पेलतो, म्हणून मिस्त्रींना धोका दिसत नव्हता. पण वजन आता मध्यापासून 75 मिमी बाजूला पडणार होतं. 450 गुणिले 0.075 म्हणजे जवळपास 34 किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे कॉलमला वाकवणारा जोर, आणि तोही 230 च्या पातळ अंगाला. त्या दिशेला बीम नव्हता, म्हणून मी तो सगळा खालच्या कॉलमवर धरला. बीमच नसल्याने 3 मीटर उंचीची प्रभावी लांबी (बाकण्याच्या हिशेबात धरायची उंची) 1.2 पट, म्हणजे 3.6 मीटर, भागिले 230, उत्तर 15 च्या वर. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात 12 पासून पुढे कॉलम सडपातळ धरतात. तो बाकतो, बाकला की वजन आणखी बाजूला पडतं; त्या मोमेंटचे जादा 13. एकूण 47. आणि 450 चं ओझं अंगावर असताना हा कॉलम सोसतो जेमतेम 24!

नकाशाप्रमाणे सरळ उभा असता तरी किमान 20 मिमी विकेंद्रतेचे (वजन मध्यापासून निदान तेवढं बाजूला पडतं असं धरतात) 9 आणि सडपातळपणाचे 13 होतेच. म्हणजे मुळातच तो काठावर पास होता. भूकंपाचा मोमेंट अजून यात धरलेलाच नाही, आणि 30 सप्टेंबर 1993 ला हादरलेलं किल्लारी याच तालुक्यातलं.

वाकवलेले गज ओढून सरळ करू दिले नाहीत; वाकल्या जागी गज कमजोर होतो. सरकवायचेच तर सहास एक उतार लागतो, 75 मिमीला 450 मिमी लांबी. स्लॅब मात्र 125 चा, तेवढ्यात ते बसणार नाही. गज कापले, मूळ जागी भोकं पाडली, धूळ ब्रशने आणि हवेच्या झोताने काढली, इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदात, नवे गज बसवले. गजांभोवतीच्या रिंगा 250 मिमी अंतरावर बांधल्या होत्या. 12 मिमी गजाला व्यासाच्या 16 पट, म्हणजे 192 च्या आत हव्यात. त्या 150 वर घेतल्या.

कॉलम हॉलमध्ये तीन इंच बाहेर दिसतो. घरमालकांनी तिथं कपाट करून घेतलं.