डिस्कवर नवं, पोर्टवर जुनं

सकाळी सातलाच मेसेज, माझ्याकडच्या मेल सर्व्हरवरचा मेल उघडत नाहीये, सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत संपली म्हणतंय. मला पटेचना, कारण लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम 30 दिवस उरले की ते आपोआप रिन्यू करतो, सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल बघितली तर ती नवीच होती, महिन्यापूर्वीची. शिवाय बाहेरून मेल येत होते, 587 वरून, म्हणजे मेल पाठवायच्या पोर्टवरून, जातही होते.

वाटलं पाथच चुकलाय. घाईघाईत डव्हकॉटच्या (लोकांना त्यांचे मेल वाचायला देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधून फुलचेन, म्हणजे सर्टिफिकेटची पूर्ण साखळी असलेली फाइल, काढून नुसत्या सर्टिफिकेटची फाइल लावली, रिस्टार्ट केलं. लॅपटॉपवर चाललं! फोनवर मात्र वेगळीच एरर, सर्टिफिकेट कोणी दिलं ते ओळखता येत नाही. म्हणजे आपलं सर्टिफिकेट आणि ते देणारी संस्था यांना जोडणारं मधलं इंटरमीडिएट सर्टिफिकेट जातच नव्हतं, लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड या मेल ॲपने ते आधीच साठवून ठेवलेलं म्हणून त्याचं भागलं. फुलचेन परत लावलं, फोन सुरळीत.

पण सकाळचं कारण काय ते कळेना. टर्मिनल वर सरकवलं तर रिस्टार्टच्या आधी 993 वर, म्हणजे डव्हकॉटच्या मेल वाचायच्या पोर्टवर, सर्टिफिकेट तपासायला ओपनएसएसएल चालवलं होतं त्याचं आउटपुट तसंच होतं, आणि मुदतीच्या शेवटच्या तारखेत आजची पहाट! डव्हकॉट सर्टिफिकेट सुरू होताना एकदाच वाचतो, त्यामुळे महिनाभर तो जुनंच दाखवत बसला होता आणि ते वैध होतं म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. मेलची ने-आण करणाऱ्या पोस्टफिक्सच्या प्रोसेस थोडं काम झालं की संपून नव्या सुरू होतात, त्यांनी नवी फाइल कधीच उचलली होती, म्हणून पाठवणं चालू. (तसंही 25 या पोर्टवर बाहेरचे मेल घेऊन येणारे बहुतेक सर्व्हर सर्टिफिकेट तपासतच नाहीत, जुनं असतं तरी मेल आलेच असते. हे मला फार खटकतं.)

आता रिन्यूअलच्या डिप्लॉय हूकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) डव्हकॉट रीलोड टाकलंय, आणि रोज एक स्क्रिप्ट फाइल न बघता थेट 993 ला तारीख विचारणार, 15 दिवस उरले की मला कळवणार.

मनाला लागलं ते वेगळंच. सकाळच्या गडबडीत दोघांनी फोनच्या मेल ॲपमध्ये 'सगळी सर्टिफिकेट स्वीकारा' हा पर्याय निवडला. तो तसाच राहिला तर उद्या कोणीही मध्ये बसून पासवर्ड घेईल आणि फोन चकार शब्द काढणार नाही, आणि ही पाळी त्यांच्यावर माझ्यामुळे आली. एकाला फोन करून बंद करायला लावलं, पासवर्डही बदलून घेतला. दुसऱ्याने अजून फोन उचललेला नाही, उद्या उठल्यावर आधी तेच.