दाराजवळची जागा

संकटातून आलेल्या मुलांसाठीच्या आमच्या केंद्रात एक मुलगी तीन आठवडे दाराला पाठ टेकून बसायची. पायात बूट, मांडीवर दप्तर. रंग नको, खेळ नको. मी रोज तिला गोलात ओढायला बघायचे. चूकच होती माझी. बाहेर पडायची वाट दिसत राहिली, की अशी मुलं जरा निवांत होतात, हे मला उशिरा कळलं. मग मीच मणी घेऊन दाराशी बसले. चौथ्या दिवशी तिने न बोलता एक निळा मणी ओवला.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेतलं 31वं कलम खेळाचा हक्क देतं, 19वं संरक्षणाचा. आमच्याकडे दोन्ही एकाच खोलीत नांदवावे लागतात. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, आणि वहीत नाव नसेल तर सख्ख्या काकांच्याही हाती मूल द्यायचं नाही. (काका चिडतात. चिडू देत.)

एकदा तिने विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना?" जिभेवर आलेलं "नाही" गिळलं. म्हटलं, "तुला मदत करू शकतील अशांनाच सांगेन." ती गप्प झाली. मग बोलली. मी मध्ये काही विचारलं नाही. नंतर तिचेच शब्द, तारीख-वेळेसकट, उतरवून काढले.

बूट अजून पायातच असतात.