टाकाऊ मालाचं गिऱ्हाईक

आमच्या कोसा केंद्रावर, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकर धाग्यासाठी येतात, कोशासाठी अळ्या पाळणारे ढिवर अंडीपुंजांसाठी. धागा काढून उरलेला पुपा, म्हणजे कोशातला किडा, मागायला कोणी आलं, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच. गडचिरोली जिल्ह्यात त्याला कोंबड्यांशिवाय गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

बाई मुंबईच्या शिल्पकार. माणूस चैनीसाठी जनावरांच्या देहाचं काय करतो, हा त्यांचा विषय. मोबाइलवर त्यांनी हरणाच्या केसाळ कातड्यानं मढवलेली कपबशी दाखवली, मेरेट ओपेनहाइमनं १९३६ साली केलेली. धागा काढणाऱ्या मावशींनी नाक मुरडलं, "अव्वा! याच्यात च्या पेतात कसा वो?"

बाईंना मी कोश कानाशी धरून हलवायला दिला. जिवंत पुपा जड लागतो, आतल्या आत गच्चकन आदळतो. वाळला की खुळखुळतो. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नाही; तिथं फक्त स्लाइड दाखवल्या. ऐनाच्या झाडावरच्या अळ्यांची माणसं महिनाभराहून जास्त राखण करतात, मुंग्या बघतात, पाखरं हाकलतात. अन् मग त्याच जिवाला आम्ही वाफ देतो. पतंग कोश फोडून निघाला तर अखंड धागा सुटत नाही, नुसता घिचा, म्हणजे जाडाभरडा धागा, कातावा लागतो.

"एका साडीत किती?" बाईंनी विचारलं.

कोशामागं ग्रॅमभर धागा धरला तरी अर्ध्या किलोच्या साडीला पाचशे. इतकी वर्षं मी धाग्याचा हिशेब किलोत केला, साडीमागं जीव किती हे कधीच मोजलं नाही.

पुढं काय करणार, तेही त्यांनी सांगितलं. पुपा प्लास्टरमध्ये गाडून भट्टीत जाळायचा अन् त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. असे पाचशे नग, साडीच्या घडीसारखे मांडलेले.

"अन् ते विकणार?"

"विकलं तर."

"म्हणजे घेणारा साडीवालाच," मी बोलून गेलो. बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मावशींनी ओले, काळे, वास मारणारे पुपे सुपात पसरले, फुटके बाजूला काढले, पाचशे मोजून दिले. बाईंनी पैसे पुढं केले, पण पावती कशाची फाडायची? रजिस्टरात कोश आहे, धागा आहे, घिचा आहे. पुप्याला रकानाच नाही. वरिष्ठांना फोन केला तर म्हणाले, "टाकाऊ दाखवा, किंमत निरंक."

तसंच लिहिलं. नग : ५००. त्या रजिस्टरात पुप्याची ती एकच नोंद. ऑडिटवाला तिथंच बोट ठेवणार.