तुम्ही विचारलंत म्हणून : देव आहे की नाही, हे मी का सांगत नाही

“तुम्ही संख्याशास्त्र शिकवता. पुरावा, संभाव्यता हे तुमचं रोजचं काम. मग देव आहे की नाही ते एकदाचं सांगून का टाकत नाही?” हा प्रश्न मला कुठेही गाठतो. विचारणाऱ्याचं उत्तर तयारच असतं, त्याखाली त्याला फक्त माझी सही हवी असते. ती मिळाली नाही की आस्तिक मला छुपी नास्तिक ठरवतात आणि नास्तिक म्हणतात, घाबरते. दोघांनाही तोंडी सांगून थकले, म्हणून लिहिते.

जे निकाली निघतं ते आधी सांगते, आणि ते थोडंथोडकं नाही. येशूचं कफन म्हणून तूरिनमध्ये जपलेलं वस्त्र १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन पद्धतीने तपासलं. ते १२६० ते १३९० या काळातलं निघालं. अशा ठिकाणी ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून विषय गुंडाळणं मला मान्य नाही. श्रद्धा जेव्हा तारखा सांगते, रोग बरे करते म्हणते, तेव्हा तिला मोजून घ्यायचा आम्हाला हक्क आहे. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी १९९७ साली विज्ञान आणि धर्म यांची कार्यक्षेत्रंच वेगळी आहेत, अशी मांडणी केली. मोठी सभ्य तडजोड, पण मला ती पटत नाही. माझ्या ओळखीच्या कुठल्याच भाविकाचा देव असा हद्दीत राहत नाही. तो ताप उतरवतो, परीक्षेत पास करतो.

तर्काचं प्रकरण लवकर आटपतं. न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर अनुमानाने सिद्ध करायचा घाट घातला. जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता हवा. या जातीचं अनुमान खोडून काढणाऱ्यांत रामानुजाचार्य आहेत, म्हणजे पक्के भक्त. कार्याला कर्ता लागतो हे मान्य केलं, तरी कर्ता एकच कशावरून? त्यांच्या मते ईश्वर कळायचा तो शास्त्रातूनच, अनुमानाने नव्हे. अलीकडचं उदाहरण तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने देव आहे हे दाखवायला मांडलेल्या सिद्धतेचं. २०१३ साली दोन संशोधकांनी ती संगणकावर तपासली. गृहीतकांवरून निष्कर्ष बिनचूक निघतो, असं संगणक म्हणाला. ‘देव सिद्ध झाला’ म्हणून काही जणांनी मला ती बातमी मोठ्या आनंदाने पाठवली. गृहीतकं खरी आहेत का, हे संगणकाला कुणी विचारलंच नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बाबांच्या बायपासची आदली रात्र. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई डोळे मिटून पुटपुटत होती. मध्येच थांबून मला म्हणाली, “तुमच्या शास्त्रात कुणी बघितलंय का गं, प्रार्थनेनं गुण येतो की नाही?” थट्टा नव्हती, टोमणाही नव्हता. भावाने मला डोळ्यांनी ‘गप्प बस’ म्हणून खुणावलं. पण तिने विचारलं होतं, आणि मला माहीत होतं.

मी सांगितलं. बघितलंय. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतले १,८०२ रुग्ण घेतले, सगळे बायपासचेच. २००६ साली निष्कर्ष छापले. तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांतल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही.

“मग?”

“पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१. म्हणजे फरक नाही.”

तिने मान डोलावली. “आणि बाकीचे?”

बाकीचे मी गाळणार होते, खरं तर. “त्यांना पक्कं सांगितलं होतं, की प्रार्थना होणारच. त्यांच्यात ५९.”

“म्हणजे जास्त त्रास?”

“हो. योगायोग असू शकतो. किंवा दडपण येत असेल, की आपली अवस्था इतकी वाईट आहे का.”

आई उठून आत गेली. बाबांनी विचारलं असावं, बाहेर काय चाललंय. तिचं “काही नाही, गप्पा मारतोय” मला ऐकू आलं. परत येऊन बसली, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “ह्यांना सांगू नकोस हं मी काय करतेय ते. सांगितलं की त्रास वाढतो म्हणालीस ना.”

अख्ख्या अभ्यासातला जो आकडा तिच्या उपयोगाचा होता तो तिने बरोबर उचलला. माझ्या वर्गात इतक्या चटकन कुणी तक्ता वाचत नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर संसर्ग झाला आणि बाबा गेले. भाऊ अजून म्हणतो, त्या रात्री ते आकडे सांगायची गरज नव्हती. मला तसं वाटत नाही. खोटा दिलासा दिला असता तर तिला लहान मूल समजल्यासारखं झालं असतं.

पण बाबा गेल्यावर मी वाट पाहत होते, हे कबूल करते. तिची श्रद्धा आता तुटेल याची. महिने गेले, तुटली नाही. एकदा मी चिडून विचारलंच, “एवढं केलंस, काय मिळालं?” ती शांतपणे म्हणाली, “मी मागितलं होतं गं. त्यानं कबूल कुठे केलं होतं?”

तेव्हाची मी लगेच म्हणाले असते: बघा, गुण आला तरी देव, नाही आला तरी देव, जे कुठल्याच निकालाने खोटं ठरू शकत नाही ते विज्ञानात बसत नाही, विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर हेच सांगत होता. बरोबरच आहे. आजही वर्गात असंच शिकवते. पण मग त्या तेव्हाच्या मला मी उलट विचारते, बाई गं, बाबा बरे होऊन घरी आले असते तर तू प्रार्थनेला किती गुण दिले असतेस? एकही नाही. सगळं श्रेय सर्जनचं. आणि त्या अभ्यासात ५२ ऐवजी ४० निघाले असते तर? अभ्यासात खोट शोधत बसली असतीस. अर्थात, शोधायलाच हवी होती.

थॉमस बेझचं सूत्र १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. बेझ स्वतः धर्मोपदेशक होता, ही एक गंमतच. पुराव्याने मत किती बदलावं ते त्या सूत्राने काढता येतं. पण सुरुवातीची संभाव्यता तुम्ही घालायची. ती शून्य घातलीत तर पुराव्याचा डोंगर आणला तरी उत्तर शून्यच. एक घातलीत तर एकच. आई एकवर बसली आहे, हे मला केव्हाच दिसलं होतं. मी शून्यावर आहे की शून्याच्या जवळ, हे मला आतून बघून सांगता येत नाही. आणि सुरुवातीला नेमकं किती घालायचं, ते सूत्र सांगत नाही.

यावर तेव्हाची मी उसळते: मग काय भुताखेतांनाही थोडी थोडी संभाव्यता वाटत सुटायची? नाही. क्षुल्लक आणि शून्य यांत फरक आहे. ती म्हणते, व्यवहारात काय फरक? इथे मी अडते. प्रार्थनेचा अभ्यास परत करायचा झाला तर माझा पैसा मी त्यावर घालणार नाही, म्हणजे व्यवहारात तीच जिंकते. पण सही मागता तेव्हा तुम्ही व्यवहाराचं विचारत नसता.

भाऊ म्हणतो, हे सगळं आईला वाचवायला रचलेलं आहे, दुसऱ्या कुणाची आई असती तर मी इतकी सूत्रं काढली नसती. असेलही. त्याचा मुद्दा खोडायला माझ्याकडे आकडे नाहीत.